पन्नास घरांचं गाव

"बोर्डाचं पत्र आलंय" असं कुणी म्हटलं की आमच्या आजीच्या पोटात गोळा यायचा. आजोबा सातारा जिल्ह्यात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. बोर्डाचं पत्र म्हणजे बदली. पुन्हा ट्रंका बांधा, नव्या गावात भाड्याची खोली शोधा, पाण्याची सोय बघा. हे बोर्ड म्हणजे नक्की कोण, ते कुठे बसतं, त्याला निवडून कोण देतं, याच्याशी घरातल्या कुणालाच देणंघेणं नव्हतं. बोर्डाने पत्र पाठवायचं आणि आपण ट्रंका बांधायच्या.

त्याच आजीची ही नात आता बॉस्टनजवळच्या एका गावात 'बोर्डावर' बसते. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला स्कूल बोर्ड न म्हणता स्कूल कमिटी म्हणतात, पण काम तेच. सुपरिंटेंडंट नेमायचा, धोरण ठरवायचं, बजेट मंजूर करायचं. आमच्या गावात मानधन शून्य, आणि महिन्यातले दोन मंगळवार रात्री साडेदहापर्यंत बैठक. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारधर्म आहे.)

शाळा आणि आपला समाज यावर आपल्या कुटुंबांसाठी काहीतरी लिही, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आधी सरळ निवेदनच लिहायला घेतलं. 'प्रिय पालकहो' अशी सुरुवात करून दोन परिच्छेद झाले आणि मलाच जांभई आली. मग ठरवलं, निवेदन राहू दे, गोष्टच सांगू. ती सुरू होते एका हरलेल्या मतदानापासून.

१९८० साली या राज्यातल्या मतदारांनी 'प्रपोझिशन अडीच' नावाचा कायदा सार्वमताने मंजूर केला. त्यानुसार घरपट्टीतून गोळा होणारी एकूण रक्कम गावाला दर वर्षी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. नव्या बांधकामाची भर तेवढी वेगळी. खर्च मात्र अडीच टक्क्यांचं ऐकत नाहीत. आरोग्यविम्याचा हप्ता वाढतो, स्पेशल एज्युकेशनचा खर्च वाढतो. जास्त पैसे हवे असतील तर गावाला मतपेटीपाशी जाऊन विचारायचं. यालाच ओव्हरराइड म्हणतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावचा ओव्हरराइड शंभराच्या आतल्या मतांनी पडला. एका शाळेची लायब्ररियन गेली, आणि चौथीच्या मुलांना शाळेत फुकट मिळणारे व्हायोलिनचे धडे गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी ग्रोसरी स्टोअरच्या दारात पाटी घेऊन उभी होते. आपल्यातलंच एक जोडपं भेटलं. दोन्ही मुलं आमच्याच शाळेत. तो म्हणाला, "ताई, आम्ही शाळा बघूनच इथे घर घेतलं हो. पण हे ओव्हरराइड वगैरे इथली जुनी मंडळी बघून घेतात ना?"

मला राग आला नाही, कारण दहा वर्षं मीही हेच म्हणत होते. शाळा म्हणजे ग्रॅनाइटच्या किचन काउंटरसारखी घराबरोबर आलेली वस्तू आहे, अशीच माझी समजूत होती. ती कुणी आणि कशी उभी केली हे मी कमिटीवर आल्यावर, तेही लाजेकाजेस्तव, वाचायला लागले.

सुरुवात सापडते १६४७ मध्ये. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कायदा केला की ज्या गावात पन्नास घरं आहेत त्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी एक मास्तर ठेवावा. शंभर घरं झाली की ग्रामर स्कूल काढावं, म्हणजे तिथली मुलं विद्यापीठात जाण्याच्या तयारीची होतील. विद्यापीठ म्हणजे अर्थात हार्वर्ड, कारण दुसरं नव्हतंच. न पाळणाऱ्या गावाला वर्षाला पाच पौंड दंड. हेतू अगदी धार्मिक. माणसाला बायबल वाचू न देणं हा सैतानाचा जुना डाव आहे आणि तो हाणून पाडायचा, अशीच कायद्याची प्रस्तावना आहे. म्हणून त्याला आजही सैतानाचा कायदा म्हणतात. काही गावांनी हिशेब केला की मास्तरच्या पगारापेक्षा दंड स्वस्त पडतो, आणि निमूटपणे दंड भरला. हे वाचून मला फार बरं वाटलं. बजेटच्या बैठकीतले काही चेहरे लगेच डोळ्यांसमोर आले.

या कायद्यातला एक साधा पर्याय मला सगळ्यात मोठा वाटतो. मास्तरचा पगार मुलांच्या आईबापांनी किंवा मालकांनी द्यावा, नाहीतर सगळ्या गावाने मिळून द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. निर्णय गावावर सोपवला होता. ज्याला मूल नाही त्यानेही दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी कर द्यावा का, हा प्रश्न तिथून जो सुरू झाला तो आमच्या मंगळवारच्या बैठकीपर्यंत येऊन पोचलाय. सार्वजनिक पैशावर चाललेली पहिली शाळा आमचीच, असं डेडहॅमचे लोक सांगतात, आणि डॉर्चेस्टरचेही. त्या वादात मी पडत नाही.

पुढे गावं पसरली, वाड्या-वाड्यांच्या वेगळ्या शाळा झाल्या, आणि प्रत्येक वाडीची चूल वेगळी. १८२६ साली राज्याने प्रत्येक गावाला स्वतंत्र स्कूल कमिटी निवडायला लावलं. माझ्या खुर्चीचं जन्मवर्ष हे. १८३७ साली राज्याचं शिक्षण मंडळ आलं आणि त्याचा सेक्रेटरी झाला होरेस मान. वकिली आणि राजकारण सोडून हा माणूस गावोगाव हिंडला, गळक्या शाळा बघितल्या आणि बारा वार्षिक अहवाल लिहिले. ज्यांच्या खिशाला चाट बसणार होती त्यांनी १८४० मध्ये विधिमंडळात ते मंडळच बंद करायचा घाट घातला. तो फसला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १८३९ मध्ये, लेक्सिंग्टनला शिक्षक घडवणारी राज्याची पहिली शाळा उघडली. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या तीन. आपल्या मराठी शाळेच्या पहिल्या रविवारी सहा मुलं होती, त्यामुळे मला लेक्सिंग्टनबद्दल उगाचच माया आहे.

याच १८३९ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एक शिक्षिका मुंबईहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहायला गेल्या. नाव सिंथिया फरार. बॉस्टनच्या मिशन मंडळाने त्यांना १८२७ साली मुंबईला पाठवलं होतं, मुलींच्या शाळा चालवायला. लग्न न झालेल्या बाईने एकटीने इतक्या दूर जाणं ही तेव्हा इथेही नवलाची गोष्ट होती. नगरच्या त्यांच्या शाळा एका तरुणाने बघितल्या, आणि पुण्याला परत येऊन १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. फरारबाईंच्या शाळांचं ऋण त्यांनी पुढे स्वतःच बोलून दाखवलं. सावित्रीबाईंनीही त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले असं चरित्रकार सांगतात. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तरी आपण 'अमेरिकन शाळा' म्हणतो तेव्हा तिचा एक धागा आपल्या आज्या-पणज्यांच्या पाटी-पेन्सिलीपर्यंत जातो, हे मला इथे वीस वर्षं राहून ठाऊक नव्हतं.

आता थोडं कडू. स्थानिक लोकांच्या हातात शाळा दिली म्हणजे सगळं गोड होतं असं नाही. बॉस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची काळी मुलगी होती. शाळेत जाताना वाटेत तिला गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागायच्या. त्या ओलांडून तिने काळ्या मुलांच्या शाळेत जायचं, कारण बॉस्टनच्या स्कूल कमिटीने तसं ठरवलं होतं. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स कोर्टात गेले. वकील होते चार्ल्स सम्नर आणि रॉबर्ट मॉरिस. मॉरिस हे या देशातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी. १८५० साली निकाल विरुद्ध गेला. मुलांची अशी विभागणी करणं कमिटीच्या अधिकारात बसतं, असं कोर्ट म्हणालं. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या डब्यांच्या खटल्यात याच निकालाचा आधार घेतला आणि 'वेगळे पण समान' हे सोंग आणखी अर्धं शतक चाललं.

पण मॅसॅच्युसेट्समध्ये लोक गप्प बसले नाहीत. अर्ज, सभा, बहिष्कार चालू राहिले आणि १८५५ साली विधिमंडळाने कायदा करून वर्णावरून शाळेत प्रवेश नाकारायला बंदी घातली. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. ती जुनी शाळा, अबायल स्मिथ स्कूल, बीकन हिलवर जॉय स्ट्रीटला अजून उभी आहे. आता तिथे संग्रहालय आहे. पाहुण्यांना फॅनुइल हॉल दाखवता तसं एकदा इथेही न्या. कायदा झाला म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. १९७४ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांना पुन्हा निकाल द्यावा लागला की बॉस्टनच्या स्कूल कमिटीने जाणूनबुजून शाळा वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यानंतर बसवर झालेली दगडफेक आमच्या गावातल्या वयस्क मंडळींनी टीव्हीवर बघितलेली आहे. मी ज्या खुर्चीवर बसते तिचं कूळ हेही आहे, म्हणून सांगितलं.

मतदान करणाऱ्यांत बायका कधी आल्या? १८७४ मध्ये त्यांना स्कूल कमिटीवर निवडून येण्याचा हक्क मिळाला आणि १८७९ मध्ये मत द्यायचा. तोही फक्त स्कूल कमिटीपुरता. राज्यकारभार तुम्हाला कळायचा नाही, पोरांच्या शाळेचं काय ते बघा, असा मामला. कॉन्कर्ड गावात पहिलं नाव नोंदवलं लुईसा मे अल्कॉटने. हो, तीच. आपण शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'तून जिला ओळखतो ती. नोंदणीसाठी तिने दारोदार फिरून बायकांना विनवलं आणि त्यांच्या सबबी ऐकून ती वैतागली. मार्च १८८० च्या गावसभेला अखेर वीस जणी आल्या. त्यांनी आधी मतं टाकली. मग न्यायाधीश होर उठले आणि म्हणाले, आता मतदान बंद करावं. हशा पिकला, पण हसू ओसरायच्या आत ठराव मंजूरही झाला आणि पुरुषांची मतं राहूनच गेली. त्या वर्षीची कॉन्कर्डची स्कूल कमिटी निव्वळ वीस बायकांच्या मतांवर निवडून आली.

हे सगळं ऐकून आमचा ग्रोसरी स्टोअरमधला मित्र म्हणेल, "ताई, पण आम्ही ग्रीन कार्डवर." बरोबर आहे. आपली ही खरी अडचण आहे. मुलं शाळेत असतात तेव्हा आपण एच-वन किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत, आणि नागरिकत्वाची शपथ घेतो तेव्हा मुलं कॉलेजला गेलेली. घरपट्टी मात्र पहिल्या वर्षापासून. कर कोण भरतो आणि शाळा कुणाच्या मुलांना मिळते, हा प्रश्न जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे शेतकऱ्याच्या बाजूने विचारला होता. आपली तुलना त्या शेतकऱ्याशी करायची माझी छाती नाही, पण प्रश्न तोच आठवतो. न्यू यॉर्क शहरात १९६९ नंतर तीसेक वर्षं नागरिक नसलेल्या पालकांनाही स्थानिक स्कूल बोर्डासाठी मत देता यायचं. पुढे ती बोर्डंच बरखास्त झाली. आपल्या राज्यात तशी सोय नाही.

तरी काही दारं उघडी आहेत. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने प्रत्येक शाळेत स्कूल कौन्सिल आली. त्यावर पालकांचे प्रतिनिधी पालकच निवडतात, आणि तिथे तुमचा पासपोर्ट कुणी विचारत नाही. शाळेचं बजेट मंजूर करण्याआधी जाहीर सुनावणी घेणं आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या सुनावणीला साधारण अकरा माणसं येतात. त्यातली चार आमच्याच घरची.

ओव्हरराइड पडला त्याच्या पुढच्या वर्षीच्या सुनावणीला मागच्या रांगेत तो मित्र दिसला. ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच. माइकपाशी आला, नाव आणि रस्ता सांगितला, आणि तीन मिनिटं त्याच्या मुलीच्या व्हायोलिनबद्दल बोलला. मोठीला शाळेत शिकायला मिळालं, धाकटीला मिळालं नाही, एवढंच. इंग्रजी जरा अडखळत होतं. आमच्या कमिटीतला सगळ्यात कंजूष सभासद चष्मा काढून ऐकत होता. त्या वर्षी आम्ही इकडचे तिकडचे पैसे गोळा करून व्हायोलिनची अर्धी जागा परत आणली. लायब्ररियनची नाही आणता आली.

बैठकीचं इतिवृत्त आलं तेव्हा त्यात त्याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. कुलकर्णीचं काहीतरी भलतंच झालं होतं. पुढच्या मंगळवारी इतिवृत्त मंजुरीला आलं, तेव्हा मी हात वर केला आणि एकेक अक्षर सांगून ते दुरुस्त करून घेतलं.