पुढच्या शॉकअपचे डॅम्पिंग : मुरमासाठी आणि काळ्या मातीसाठी

जुळे सोलापूरच्या वसाहती मागे पडल्या, की विजापूर रस्त्यापासून सोरेगाव, मंद्रूपच्या बाजूला कच्च्या वाटा फुटतात. उन्हाळ्यात मुरमाच्या कोरड्या लाटा, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि पावसाळ्यात चाकाला लगडणारी काळी माती अशी या वाटांची तीन रूपे आहेत. खडतर रस्त्यांसाठीची मोटारसायकल घेऊन येथे उतरणाऱ्याचा भरवसा मुख्यतः पुढच्या चाकावर असतो. मागचे चाक घसरले तर गाडी बहुधा सावरता येते. पुढचे घसरले तर चालक आडवा होतो. पुढचे चाक जमिनीला धरून राहावे, हे काम फोर्कमधील स्प्रिंग आणि डॅम्पिंग मिळून करतात.

स्प्रिंग वजन पेलते आणि धक्क्याची शक्ती साठवते. ती शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरवणे म्हणजे डॅम्पिंग. पाठ्यपुस्तकी मराठीत अवमंदन. फोर्कमधील तेल बारीक छिद्रांतून किंवा पातळ चकत्यांच्या झडपांतून ढकलले जाते आणि त्या विरोधाने हालचाल मंदावते. तेलाचे डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये विक्रीच्या गाड्यांवर आणला. फोर्क दबताना होणारा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन डॅम्पिंग आणि तो परत उठताना होणारा विरोध म्हणजे रिबाउंड डॅम्पिंग. गॅरेजमध्ये दोन्हींना मिळून 'शॉकअप कडक', 'शॉकअप नरम' एवढेच म्हटले जाते आणि निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आपल्याकडील बहुतेक गाड्यांच्या पुढच्या फोर्कला डॅम्पिंगचा स्क्रू नसतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या मोठ्या गाडीच्या फोर्कलाही तो नाही. हीरोच्या साध्या एक्सपल्स २०० चा पुढचा प्रवास १९० मिलिमीटरचा, तर २०० फोर व्ही प्रो या आवृत्तीत तो २५० मिलिमीटर असून कॉम्प्रेशन व रिबाउंड दोन्ही बदलता येतात. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरच्या एका आवृत्तीत ही सोय २०२३ मध्ये आली. आपली गाडी कोणत्या गटातली आणि कोणता स्क्रू कोणत्या नळीवर आहे, हे आधी मालकपुस्तिकेत पाहावे.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी टायरमधील हवा तपासावी आणि सॅग मोजावा. सॅग म्हणजे चालक नेहमीच्या पोशाखात, सामानासह गाडीवर बसल्यावर फोर्क किती दबतो ते अंतर. अशा वाटांसाठी ते एकूण प्रवासाच्या साधारण पाव हिस्सा ते तीस टक्के असावे. २५० मिलिमीटरच्या फोर्कला सुमारे ६० ते ७५ मिलिमीटर. फोर्क याहून फार जास्त दबत असेल आणि प्रीलोड वाढवूनही फरक पडत नसेल, तर स्प्रिंग चालकाच्या वजनाला कमजोर आहे. ती उणीव डॅम्पिंग आवळून भरून निघत नाही. तरीही तसे करणारे पुष्कळ आढळतात.

त्यानंतर दोन्ही स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करावेत आणि किती क्लिक झाले ते लिहून ठेवावे. येथे जोर लावल्यास आतील सुईचे टोक बिघडते. मोजणी नेहमी या बंद स्थितीपासून करतात. मग कंपनीने सुचविलेल्या आकड्यावर स्क्रू आणून एकच ओळखीची वाट निवडावी, दोन-तीन किलोमीटरची, आणि तीच पुन्हा पुन्हा चालवावी. एका वेळी एकच स्क्रू, तोही दोन क्लिकच, फिरवावा. दोन्ही एकदम फिरवले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आधी रिबाउंड घ्यावे. गाडी उभी करून फोर्क जोराने दाबून सोडला, तर तो चटकन वर येऊन एकदाच स्थिरावला पाहिजे. वर येऊन पुन्हा झुलत राहिला तर रिबाउंड कमी आहे. अशी गाडी धक्क्यानंतर पुढून उसळते आणि वळणावर बाहेर फेकली जाते. मात्र ही उभ्या गाडीची परीक्षा ढोबळच.

रिबाउंड जास्त असल्याची खूण फसवी असते, आणि मुरमाच्या रस्त्यावर नेमकी तीच अधिक भेटते. लागोपाठ दहा-बारा लाटा आल्या की फोर्क प्रत्येक लाटेला दबतो; पण रिबाउंड फार आवळलेले असेल तर पुढची लाट येईपर्यंत तो पुरता वर येत नाही. असे होत होत तो खालीच बसतो आणि उरलेल्या थोड्या प्रवासात स्प्रिंग कडक लागते. मनगटांना हादरे बसू लागतात. चालकाला वाटते, कॉम्प्रेशन कडक झाले. तो ते सैल करतो, फोर्क आणखी खोल बसतो आणि हादरे वाढतात. पहिल्या दोन लाटांना गाडी बरी वाटत असेल आणि पुढच्या लाटांवर हळूहळू कडक होत असेल, तर दोष रिबाउंडचा समजावा आणि ते दोन क्लिक सैल करावे. पहिल्याच लहान खड्याला हादरा बसत असेल तर मात्र कॉम्प्रेशन जास्त आहे.

कॉम्प्रेशनची तपासणी सोपी आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकचा बारीक पट्टा सैलसर बांधावा. फेरीनंतर तो जेथे सरकून थांबेल तेथवर फोर्क दबला. वाटेतील सर्वांत वाईट खड्ड्याला जवळजवळ पूर्ण प्रवास वापरला जावा, पण खाली आदळल्याचा आवाज येऊ नये. ब्रेक दाबताच पुढचा भाग फार खाली जात असेल तर दोन क्लिक आवळावे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तशा उंच उड्यांच्या गाड्या मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात. तेथील आकडे मंद्रूपच्या वाटेला चालणार नाहीत.

स्क्रू नसलेल्या फोर्कमध्ये उपाय तेलाचा. घट्ट तेलाने दोन्ही डॅम्पिंग एकत्रच वाढतात, पातळ तेलाने एकत्रच घटतात. डब्यावरील '१० डब्ल्यू' हा आकडा सर्व कंपन्यांत एकसारखा नसतो. ४० अंशांना असलेली घनता नव्हे, तर चिकटपणा किती, ते माहितीपत्रकात पाहून तुलना करावी. 'जास्त तेल घाला, म्हणजे कडक होईल' हा सल्ला सर्रास मिळतो. तेलाची पातळी वाढविल्याने वरची हवा कोंडते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो. डॅम्पिंग त्याने बदलत नाही. अति भरल्यास ऑइल सील फुटते. फोर्कचे झाकण स्प्रिंगच्या दाबाखाली असते. पुढचे चाक अधांतरी घेऊन, शक्यतो जाणत्या मेकॅनिककडूनच ते उघडावे.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि तापलेले तेल पातळ होते. डिसेंबरच्या पहाटे नीट बसविलेली गाडी तेव्हा सैल वाटली, तर एक-दोन क्लिकने भागते. पावसाळ्यात मडगार्डखाली साचलेली काळी माती चाकाचे वजन वाढवते आणि फोर्क आळसावल्यासारखा वाटतो. त्या वेळी स्क्रू फिरवू नये, माती काढावी. चिखल नळीवर वाळू दिला तर तो धूळरोधक सीलखाली शिरतो, म्हणून फेरीहून आल्यावर पाणी मारून, ओल्या फडक्याने नळ्या पुसून घ्याव्यात.