मोहीमबद्ध युद्धखेळ
छोट्या प्रतिकृती-सैनिकांनिशी मेजावर खेळल्या जाणाऱ्या लढायांना नकाशावरील एका सलग मोहिमेत गुंफणारा खेळ. सुट्या लढाईतील पराभव तिथेच संपतो. मोहिमेत मात्र पडलेले स्वार, संपलेला दारूगोळा आणि गमावलेला किल्ला यांची नोंद पुढच्या डावात चालू राहते. म्हणूनच लढावे की निसटावे, हा प्रश्न खरा होतो. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये स्वीकारलेला ‘क्रीग्सश्पील’ आणि एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ (१९१३) हे त्याचे पूर्वज. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडण्याची महाराष्ट्राची हौस मोठी, पण त्या मांडणीत डाव नसतो.

या खेळाला अत्यंत साजेशा अशा इंग्रज-पेशवे मोहिमेचे काही शेवटचे टप्पे सोलापूर जिल्ह्यात घडले. खडकी (५ नोव्हेंबर १८१७) आणि कोरेगाव (१ जानेवारी १८१८) येथील लढायांनंतर इंग्रजांचा पाठलाग चुकवत फिरणारे पेशवा दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य २० फेब्रुवारीला आष्टीजवळ गाठले गेले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे धारातीर्थी पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूर घेतले आणि जूनच्या आरंभी बाजीराव दुसरा इंग्रज सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाला.

ही मोहीम खेळताना दोन्ही पक्षांच्या हालचाली परस्परांपासून लपवाव्या लागतात. त्यासाठी तटस्थ पंच मूळ नकाशा स्वतःकडे ठेवतो आणि सैन्ये एकाच ठिकाणी आली तरच मेज मांडले जाते. पेशव्यांच्या बाजूने खेळणाऱ्याचे यश विजयांपेक्षा तो किती आठवडे हाती लागत नाही, यावर मोजणे अधिक न्याय्य ठरते.