आभासी कार्यसंघ

आभासी कार्यसंघ किंवा व्हर्च्युअल टीम म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी राहून, मुख्यतः दूरसंचार साधनांच्या आधारे, एका समान उद्दिष्टासाठी परस्परावलंबी काम करणाऱ्या व्यक्तींचा गट होय. केवळ घरून काम करणे म्हणजे आभासी कार्यसंघ नव्हे. एकाच कार्यालयात रोज येणारे कर्मचारीही परदेशातील सहकाऱ्यांसोबत अशा संघाचे सदस्य असू शकतात. नवी मुंबईतील ऐरोली येथे या कार्यपद्धतीची ही दोन्ही रूपे आढळतात.

पूर्वपीठिका

दूरस्थ कामासाठी ‘टेलिकम्युटिंग’ ही संज्ञा अमेरिकन अभियंता जॅक नाइल्स यांनी 1973 मध्ये वापरात आणली. साधारण त्याच काळात नरेंद्र पटणी व पूनम पटणी यांनी अमेरिकेतील कागदपत्रांवरील मजकूर भारतात संगणकीय स्वरूपात आणण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याआधी त्यांनी केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील आपल्या घरी एक प्रयोग केल्याचे सांगितले जाते. एका खोलीला ‘अमेरिका’ आणि दुसरीला ‘भारत’ मानून, दोन्ही खोल्यांमध्ये एक शब्दही न बोलता केवळ लेखी सूचनांवर काम पुरे होते का, हे त्यांनी तपासले. पुढे हे काम पुण्यात होऊ लागले. 1978 मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. कालांतराने तिचे मोठे संकुल ऐरोलीत ठाणे–बेलापूर रस्त्यावर उभे राहिले. 2011 मध्ये ही कंपनी आयगेटकडे आणि 2015 मध्ये आयगेट कॅपजेमिनीकडे गेली.

ऐरोलीतील स्वरूप

ऐरोली हा ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील, सिडकोने विकसित केलेला विभाग आहे. त्याच्या लगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे ट्रान्स ठाणे खाडी औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. ऐरोली–मुलुंड पूल आणि 2004 मध्ये प्रवासी वाहतुकीस खुला झालेला ठाणे–वाशी रेल्वेमार्ग यांमुळे हा परिसर मुंबई व ठाण्याशी जोडला गेला. माइंडस्पेससारख्या संकुलांमध्ये माहिती तंत्रज्ञान व वित्तीय सेवा क्षेत्रांतील कंपन्यांची कार्यालये आली. यांतील अनेकांचे ग्राहक व सहकारी युरोप-अमेरिकेत असल्यामुळे, टाळेबंदीच्या बऱ्याच आधीपासून येथील संघ अंशतः आभासीच होते.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर हेच काम कार्यालयांतून घरांत गेले. पूर्वी अंतर ऐरोली आणि परदेशातील कार्यालय यांच्यात होते. आता ते एकाच मजल्यावर बसणाऱ्या सहकाऱ्यांमध्येही निर्माण झाले. मुलांची ऑनलाइन शाळा, घरकाम आणि कार्यालयीन बैठका लहान घरांत एकाच वेळी चालू लागल्या.

वेळेतील फरक

भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या पुढे उन्हाळ्यात साडेचार व हिवाळ्यात साडेपाच तास असते. न्यूयॉर्कच्या बाबतीत हा फरक अनुक्रमे साडेनऊ व साडेदहा, तर कॅलिफोर्नियाच्या बाबतीत साडेबारा व साडेतेरा तासांचा असतो. तेथील कार्यालये सकाळी 9 वाजता सुरू होतात असे धरल्यास ऐरोलीत उन्हाळ्यात अनुक्रमे दुपारचे 1.30, सायंकाळचे 6.30 आणि रात्रीचे 9.30 वाजलेले असतात. हिवाळ्यात प्रत्येक वेळ एक तासाने पुढे जाते. म्हणजेच अमेरिकेतील संघाशी समोरासमोर बोलण्याचा सामाईक वेळ बहुधा भारतीय सदस्यांच्या सायंकाळी किंवा रात्री येतो. बैठक कायम एकाच बाजूच्या सोयीने ठेवली, तर वेळेतील फरकाचा भार दुसऱ्या बाजूच्या कुटुंबांवर पडतो. बैठकीची वेळ आळीपाळीने बदलणे हा त्यावरील एक उपाय मानला जातो.

संवादातील अडचणी

कॅथरिन क्रॅम्टन यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विखुरलेल्या गटांची मुख्य समस्या ‘सामाईक ज्ञानाचा अभाव’ ही असल्याचे दाखवले. एका ठिकाणची परिस्थिती दुसऱ्या ठिकाणच्या सदस्यांना ठाऊक नसते. सर्वांना सारखीच माहिती पोहोचली आहे, असा चुकीचा समज होतो. मौनाचा अर्थही स्पष्ट होत नाही: उत्तर न येणे म्हणजे संमती, नापसंती, सुट्टी की इंटरनेट बंद, हे कळत नाही. अशा वेळी परिस्थितीऐवजी व्यक्तीला दोष देण्याकडे कल वाढतो व संघात गट पडतात.

सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लीडनर यांच्या 1999 मधील अभ्यासानुसार आभासी संघांत विश्वास चटकन निर्माण होऊ शकतो, मात्र तो नाजूक असतो. वेळेवर व नियमित मिळणाऱ्या प्रतिसादांवर तो टिकून राहतो.

व्यवस्थापन

एका खोलीत जे न सांगता समजते, ते आभासी संघात लिहून ठेवावे लागते, हे व्यवस्थापनाचे मूलभूत सूत्र होय. पटणींच्या दोन खोल्यांतील प्रयोगाचा आशयही हाच होता. त्यानुसार पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात:

• प्रत्येक कामाची जबाबदारी, मुदत आणि ते पूर्ण झाल्याची कसोटी लेखी ठरवणे.
• बैठकीतील निर्णय व त्यांमागील कारणे सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी नोंदवणे, जेणेकरून अनुपस्थित सदस्य मागे राहत नाहीत.
• कोणत्या संदेशाला किती वेळात उत्तर अपेक्षित आहे आणि तातडीच्या प्रसंगी कोणते साधन वापरायचे, हे आधी ठरवणे.
• बैठकीचे मुद्दे आधी पाठवणे. इंग्रजी सफाईने न बोलणाऱ्या सदस्यांनाही त्यामुळे आपले म्हणणे तयार करता येते.
• ऑनलाइन दिसण्याच्या तासांऐवजी पूर्ण झालेल्या कामावरून मूल्यमापन करणे.
• शक्य असल्यास आरंभी एकदा प्रत्यक्ष भेट घडवणे.

काही सदस्य कार्यालयात व काही घरी असलेल्या संमिश्र संघात कार्यालयातील अनौपचारिक चर्चेतच निर्णय होऊन जाण्याचा धोका असतो. त्यामुळे घरून काम करणाऱ्यांच्या वाट्याला माहिती उशिरा येते आणि बढतीच्या वेळी त्यांचे काम नजरेआड राहू शकते.

पायाभूत सुविधा

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीजपुरवठा खंडित झाला. कार्यालयीन संकुलांत जनित्रांची सोय असते. बहुतेक घरांत ती नसते. वेगवेगळ्या घरांतून काम करणारा संघ विखुरलेला दिसत असला, तरी सर्व घरे एकाच वीजजाळ्यावर असल्यास त्याचे काम एकाच वेळी ठप्प होऊ शकते, हे या घटनेतून दिसून आले. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी वेगळ्या प्रदेशातील पर्यायी सदस्य नेमणे इष्ट ठरते.

कायदेशीर चौकट

दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2020 मध्ये सेवा पुरवठादारांसाठीचे नियम शिथिल करून घरून व इतर कोणत्याही ठिकाणाहून काम करण्याचा मार्ग सुकर केला. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै 2022 मध्ये नियम 43अ समाविष्ट करून कमाल 50 टक्के कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा देण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती अधिक व्यापक करण्यात आली. ऐरोलीतील माइंडस्पेस संकुले विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून विकसित झाल्याने हा नियम तेथे महत्त्वाचा ठरला.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये मुळात दिवसाला नऊ तासांची कामाची मर्यादा होती; आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री 9.30 नंतर काम देण्यासाठी त्यांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. परदेशी वेळेनुसार चालणाऱ्या संघात कामाचा दिवस नेमका कधी संपतो, हे ठरवून देण्याची जबाबदारी म्हणूनच व्यवस्थापनावर येते.