शाळकरी निबंधातली प्रमाणं

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेनं मला विचारलं, "मुलांना माहितीपर लेखन शिकवायचं, म्हणजे नेमकं काय शिकवायचं?" आज त्याचं उत्तर आपण १८५५ सालच्या पुण्यात शोधू.

आधी माझी कबुली. सातवीत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मी मार्गदर्शकातून पाठ करून लिहिला. त्यात मोर नाचत होते. मोर मी तोवर पाहिलेलाच नव्हता! (हशा) दहापैकी आठ गुण मिळाले. म्हणजे शाळेनं मला काय शिकवलं? जे माहीत नाही, ते सुंदर कसं लिहायचं.

आता मुक्ता साळवे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' नियतकालिकात तो छापून आला. त्याची तळमळ आपण नेहमी सांगतो. मी त्याची रचना सांगणार आहे.

आपल्या न्यायशास्त्रात प्रमाणांची चर्चा आहे. प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. एखादी गोष्ट तुम्हाला कशावरून कळली, त्याचं उत्तर. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं नैयायिक मानतात. या मुलीनं न्यायशास्त्र वाचलं असण्याचा प्रश्नच नाही. पण तिचा निबंध बघा.

ती पेशवाईतले अत्याचार सांगते. तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराचं काय व्हायचं, इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसं कशी पुरत. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. तेव्हा हे तिनं पाहिलेलं नाही, वडीलधाऱ्यांकडून आलेलं आहे. हे झालं शब्दप्रमाण, आणि ते ती बाजीरावाच्या राज्यातली गोष्ट म्हणूनच मांडते. मग ती बाळंतपणाकडे येते. घरावर छप्पर नाही, थंडी, पाऊस, वारा, आणि त्यात बाळंतीण. हे तिच्या वस्तीतलं, रोजचं. हे प्रत्यक्ष. आणि तिसरं, तर्क. वेद फक्त आमचे, असं ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही. मग आम्ही धर्मरहित ठरतो. समोरच्याचंच विधान घेऊन ती एकेक पायरी चढते आणि त्याला अडचणीत आणते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हेच शिकवत होतो, पण इतक्या थोड्या शब्दांत नाही.

हा निबंध तटस्थ नाही, तो संतापलेला आहे. पण संताप वाचकाला पटतो तो तालीमखाना, तेल-शेंदूर, छप्पर या नेमक्या गोष्टींमुळे. 'आमच्यावर फार अन्याय होतो' एवढंच तिनं लिहिलं असतं, तर आज आपण ते वाचलं असतं का?

म्हणून त्या शिक्षिकेला माझं उत्तर असं. मुलानं लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापाशी थांबा आणि विचारा, "बाळ, हे तुला कसं कळलं? पाहिलंस, कुणी सांगितलं, की विचार करून काढलंस?" उत्तर देता आलं, तर वाक्य ठेवा. नाही आलं, तर मोर कितीही सुंदर नाचत असो, त्याला पानावरून उठवा.