कारागिरांचा शनिवार

जॉर्ज बर्कबेक हे शिक्षणाने डॉक्टर. १७९९ साली ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत विज्ञान शिकवू लागले. प्रयोगांची उपकरणे ते गावातल्या कारागिरांकडून करून घेत. एकदा एका पंपाची प्रतिकृती तयार होत असता कामगार भोवती जमले. हे चालते कसे, याचे त्यांना मोठे कुतूहल होते. यंत्रे घडवणाऱ्या या हातांना त्यामागचे तत्त्व सांगणारे कोणीच नव्हते. म्हणून १८०० साली बर्कबेक यांनी शनिवारी संध्याकाळी मोफत व्याख्याने सुरू केली. पहिल्या व्याख्यानाला ७५ जण आले, चौथ्याला ५००!

पुढे कामगारांसाठी १८२१ साली एडिंबरोला व १८२३ साली लंडनला संस्था निघाल्या. मुंबईतही टांकसाळ व गोदीतल्या कर्मचाऱ्यांनी १८४७ साली अशी संस्था काढली. काळ्या घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय हा तिचाच वारसा.

परंतु नुसत्या कुतूहलावर भागेना. अनेकांचे वाचन आणि अंकगणितच कच्चे होते. एडिंबरोत गणिताअभावी यंत्रशास्त्र उमगेना, तेव्हा विद्यार्थ्यांपैकीच एका सुताराने सोबत्यांसाठी गणिताचा वर्ग घेतला. इतर अनेक ठिकाणी मात्र दिवसभर राबून दमलेला, अल्पशिक्षित कामगार मागे पडला आणि बाकांवर कारकून दिसू लागले.

प्रौढांना शिकवताना सुरुवात त्यांच्या हातातल्या कामापासून करावी, हे बर्कबेक यांनी दाखवले. वाचन-गणिताचा पाया वगळला तर तेच कामगार वर्गाबाहेर राहतात, हे त्या रिकाम्या झालेल्या जागांनी दाखवले.