धोतरावरचा हरिश्चंद्र

जुन्या चित्रपटांची टिंगल करण्याचे आमचे एक मंडळ होते, हे सांगायला आता या वयात मला संकोच वाटत नाही. गोष्ट १९७५ च्या आसपासची. पुण्यात आम्ही पाचसहा मित्र दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवर जमत असू. एक बँकेत, एक शाळामास्तर, एक वकील आणि बाकीचे नोकरीच्या शोधात. फिल्म सोसायटीतल्या ओळखीने सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि एखादे जुनेपुराणे चित्र मिळे. माझ्या थोरल्या काकांचे धुवट धोतर दुहेरी करून भिंतीला टाचले की झाला पडदा! फराळाची ताटे मध्ये ठेवायची, दिवा मालवायचा आणि तोंडे सोडायची. नियम एकच होता : जो गप्प बसून चित्र बघेल त्याला चकली मिळणार नाही.

सुरुवातीच्या बोलपटांत आमची चंगळ असे. राजा असो की राणी, गाणे आले की खांबासारखी एका जागी उभी! "खाली खिळे ठोकलेत काय रे?" असे मास्तर ओरडायचे. कारण मागाहून कळले. त्या काळी नटाला कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे. ध्वनिग्राहक कुठेतरी आडोशाला दडवलेला, वादक झाडामागे किंवा पडद्याआड. नट दोन पावले सरकला की आवाज गेला! पार्श्वगायनाची सोय आपल्याकडे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने केली आणि मग कुठे नायक-नायिकांचे पाय मोकळे झाले. १९३२ च्या 'इंद्रसभा'त तर सत्तरच्या आसपास गाणी होती. ते चित्र आम्हाला मिळाले असते तर फराळ पुरला नसता.

नादियाच्या चित्रांना आम्ही असेच हसायचो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थची ही सोनेरी केसांची बाई, वाडिया मूव्हिटोनच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (१९३६) धावत्या आगगाडीच्या टपावर धटिंगणांना डोक्यावर उचलून फेकते! "तिकीट तपासनिसाला बोलवा!" असे वकील म्हणायचे. मग कोणीतरी सांगितले, की बाईंची ही कामे बाईच करीत, बदली माणूस नसे. तेव्हा वकिलांनी चकलीचा तुकडा हातात तसाच धरला आणि ते बरेच टप बघत राहिले.

आमचा खरा बळी होता तो 'राजा हरिश्चंद्र'. दादासाहेब फाळक्यांचे हे चित्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागले. पडद्यावर काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. ते पूर्वी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत स्वयंपाकाला होते. धोतरावर ती तारामती अवतरली मात्र, माडीवर एकच हलकल्लोळ झाला. "राणीसाहेब, कणीक तिंबायला या!" राजा लहानग्या रोहिदासाला धनुष्य शिकवतो, सगळी कशी लगालगा चालतात, जणू शेवटची गाडी गाठायची आहे. चार रिळांच्या चित्राची पहिली आणि शेवटची एवढीच उरलेली, आणि तीही १९१७ सालच्या नव्या आवृत्तीची असावीत असे काही जाणकार म्हणतात. त्यामुळे आमचा राजा वैभवातून एका उडीत थेट हालअपेष्टांत पोचला. मास्तर म्हणाले, "विश्वामित्राने राज्याबरोबर दोन रिळेही दानात घेतली!"

त्या रात्री काका कोपऱ्यात बसले होते. धोतर त्यांचे, म्हणून त्यांना आमंत्रण. सत्तरीला टेकलेले आणि लहानपण गिरगावात गेलेले. आमच्या हसण्याने दुखावतील असे वाटले होते, पण ते आमच्याहून मोठ्याने हसत होते. दिवा लागल्यावर म्हणाले, "अरे, यातली एक तरी थट्टा नवी आहे का? साळुंक्यांचे दंड बघून पिटातली पोरं तेव्हाही हेच ओरडायची. आणि कुणी लगालगा चालत नव्हतं. तुमचं यंत्र पळतंय."

खरेच होते. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा-अठरा चित्रे उमटत. आमचा प्रोजेक्टर चोवीस दाखवी. म्हणजे ज्या धावपळीला आम्ही हसत होतो ती फाळक्यांची नव्हतीच, ती आमचीच होती.

मग काकांनी विचारले, "याच्या जागी 'लंकादहन' का नाही आणलंत?"

१९१७ साली ते चित्र आले तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. त्यात राम साळुंके आणि सीताही साळुंकेच! "राम आला की म्हातारी माणसं हात जोडत, आणि तोच लुगडं नेसून आला की आम्ही शिट्ट्या मारायचो." वकील म्हणाले, "मग दोघं एकत्र दिसणार कशी? रावणाने सीता पळवून फाळक्यांची सोयच केली म्हणायची!" काकांना इतके हसू आले की पाणी आणून द्यावे लागले.

हसू ओसरल्यावर मला सांगावे लागले, की 'लंकादहन' आणता येणार नाही. त्याचा अगदी लहानसा तुकडा उरला आहे, बाकी नाही.

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "नाही म्हणजे? कुणाकडेच नाही?"

मग ते उठले, रिकाम्या धोतरासमोर उभे राहिले आणि सबंध 'लंकादहन' त्यांनी आम्हाला सांगितले. अशोकवन सांगितले, गणपत शिंद्यांचा मारुती उड्डाण कसा करी ते खुर्चीवर चढून दाखवले, पेटलेल्या लंकेच्या वेळी हातांनी ज्वाळा केल्या. मधली पाटी आली की वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारचे कसे मोठ्याने वाचत, तसे वाचूनही दाखवले. आम्ही त्या रात्री एकदाही मध्ये बोललो नाही. नियमाप्रमाणे कुणालाच चकली मिळायला नको होती.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले फार थोडे आज हाती आहेत. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत ज्ञात नाही. जुनी नायट्रेट फिल्म लवकर पेट घेई, दमट हवेत आपोआप कुजे. चालून जुने झालेले चित्र भंगारात जाई, कारण फिल्ममधली चांदी काढून विकली की चार पैसे सुटत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी फाळक्यांची उरलीसुरली चित्रे मिळवून सांभाळली, म्हणून आमच्या धोतरावर हरिश्चंद्र आला. आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये याच पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुन्या प्रती गेल्या.

हे वाचल्यापासून माझी एक समजूत बदलली. वाईट चित्रपट जगतात आणि चांगले जातात, किंवा उलट, असे काही नसते. कुणीतरी डबा उचलून कोरड्या जागी ठेवला तर चित्र जगते. थट्टा करायलासुद्धा ते आधी उरावे लागते.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या मंडळातले तिघेच उरलो. हरिश्चंद्र आता नातवाच्या फोनवरही दिसतो. परवा त्याने तो योग्य वेगाने लावून दाखवला. तारामती संथ, डौलाने चालत आली आणि माझे निम्मे विनोद फुकट गेले. राहिलेल्या निम्म्यांना मात्र नातू पोटभर हसला.

नंतर त्याने विचारले, "आजोबा, 'लंकादहन' आहे का?" मी खुर्चीवर चढू शकत नाही, पण बसल्याजागी हातांनी ज्वाळा करता येतात.

कुठल्यातरी जुन्या घराच्या माळ्यावर एखादा गंजका डबा अजून असेलही, असे मी दर दिवाळीला म्हणतो. वाचकहो, सापडलाच तर उन्हात उघडू नका आणि दिव्याजवळ नेऊ नका, संग्रहालयाला कळवा. धोतर मी जपून ठेवले आहे.