अनुदानाचे वर्ष आणि ऊसतोडीचा हंगाम

साहित्याला मिळणाऱ्या शासकीय आश्रयाचा विचार आपल्याकडे बहुधा पुरस्कार, संमेलने आणि मंडळे यांच्यापाशी थांबतो. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, ही घटना महत्त्वाची खरीच. परंतु खेड्यातील वाचकापर्यंत शासनाचा पैसा पोहोचतो तो मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानातून. बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारख्या तालुक्यात या व्यवस्थेचे बळ दिसते, तशीच तिची मर्यादाही दिसते.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि सभा भरवण्यास १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’नुसार परवानगी लागे. अशा काळात मराठी वाचनालय चालवणे ही निव्वळ वाचनाची हौस नव्हती. भाषा टिकवण्याचा तो एक मार्ग होता आणि त्याचा खर्च लोकवर्गणीतून भागे. पुढे १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने सर्व विभागांना एका सूत्रात आणले.

या कायद्याने ग्रंथालय कर लावला नाही. शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत द्यावेत, अशी तरतूद केली. ग्रंथालये उभारायची लोकांनी आणि त्यांना हात द्यायचा शासनाने, अशी ही मांडणी होती. ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग ठरले. जिल्हा, तालुका आणि इतर गावे यांसाठी अनुदानाचे दर वेगळे झाले. त्यामुळे १९९९ साली शिरूर कासार तालुका झाला, ही बाब केवळ महसुली राहत नाही. पुस्तके, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास या निकषांवर वर्ग ठरतो. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, तेव्हा ‘ड’ वर्गाची वार्षिक रक्कम ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेली. एवढ्यातच ग्रंथपालाचे मानधन आणि पुस्तकखरेदी भागवायची.

रकमेइतकाच वेळापत्रकाचा प्रश्न आहे. अनुदानाचे वर्ष एप्रिल ते मार्च. येथील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे वर्षाचे चार-पाच महिने सभासद नोंदवहीत असतो, गावात नसतो. ग्रंथालय एका जागी असते, म्हणून वाचकही एका जागी असेल, हे कायद्याचे न लिहिलेले गृहीतक येथे टिकत नाही. येथील अखंड हरिनाम सप्ताह लोकवर्गणीवर चालतात आणि त्यांच्या तिथी गावकरी आपल्या सोयीने ठरवतात. शासकीय योजनेला ही लवचीकता साधलेली नाही.

याला पूर्वदाखला नाही असेही नव्हे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९१० नंतरच्या दशकात फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी जात असत. वाचकाने पुस्तकापाशी यावे, याऐवजी पुस्तकाने वाचकापाशी जावे, असा तो विचार होता. शिरूरची पेटी साखर कारखान्याच्या तळावर पाठवायची, तर तेथे मोजलेला वाचक शिरूरच्याच ग्रंथालयाच्या खाती धरावा लागेल. एवढा बदल निकषांत झाला, तर त्या कोपीत शाळेविना हंगाम काढणाऱ्या मुलांच्या हाती काही पुस्तके पडतील.